थर्माकोल जातो, पण मागे काय ठेवून जातो? ॲल्युमिनियम ओतकामाची नवख्यांसाठी वाट

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर माशांच्या मोडक्या थर्माकोल पेट्या मागाल तेवढ्या मिळतात. घराच्या माळ्यावर २०१८ च्या बंदीआधीचं एखादं मखरही निघतं. घरच्या घरी ॲल्युमिनियम ओतायची हौस लागलेला माणूस पहिला हात घालतो तो यातल्याच कशाला तरी. मीही घातला होता. मखराचा एक खांब कापून जाळं ओढायच्या कप्पीची चौकट केली, वाळूत पुरली, वरून धातू ओतला, म्हणजे थर्माकोल जाऊन त्याच्या जागी धातू बसावा. चौकट निघाली खरी, पण एका बाजूला देवीचे व्रण आल्यासारखी खड्डेखड्डे आणि मधोमध दुमडलेल्या कागदासारखी रेघ. हातात घेऊन जरा वाकवली, तर त्या रेघेवरच तुटली. तुटलेल्या तोंडावर काळसर, चकचकीत थर होता.

तो थर म्हणजे थर्माकोलच. थर्माकोल ‘जळून नाहीसा होतो’ असं आपण म्हणतो, पण ॲल्युमिनियममध्ये तो पुरता जात नाही. किती राहतो आणि कुठे राहतो, हे त्यात काय मिसळलंय यावर बरंच ठरतं.

आधी हे समजून घ्या

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनचे फुगवलेले दाणे. लिटरभर थर्माकोलचं वजन साधारण २० ग्रॅम, म्हणजे त्यात ९८ टक्के हवाच. उरलेल्या २ टक्क्यांचं काय होतं, एवढाच प्रश्न.

बिडाच्या ओतकामात धातू १३५० अंशांच्या वर असतो. तिथे पॉलिस्टायरीनचा बराचसा गॅस होतो. आपलं ॲल्युमिनियम ओततो ते ७५० अंशांच्या आसपास. थर्माकोल १०० अंशांच्या जरा पुढे मऊ पडून आकसतो, वितळतो, आणि त्याची पूर्ण वाफ व्हायला ४०० अंशांच्या वर तापमान आणि पुरेसा वेळ लागतो. धातू तर सेकंदा-दोन सेकंदांत पुढे सरकतो. म्हणून धातूच्या तोंडाशी काकवीसारखा चिकट द्रव तयार होतो. हा द्रव थर्माकोलवर आधी लावलेल्या लेपात शोषला गेला तर ठीक. अडकला तर दोन प्रकार होतात. पहिला म्हणजे, दोन बाजूंनी आलेल्या धातूच्या तोंडांमध्ये तो सापडतो आणि ती तोंडं नीट जुळत नाहीत, ही घडी. दुसरा म्हणजे, तो नंतर सावकाश वाफ होतो आणि अर्धवट गोठलेल्या धातूत फुगे पाडतो.

आता मिसळलेल्या पदार्थाचं. आग पसरू नये म्हणून काही थर्माकोलमध्ये ब्रोमीनयुक्त पदार्थ घालतात. प्रमाण वजनाने १ टक्क्याच्या आतच. व्यापारात याला ‘एफआर ग्रेड’ (फ्लेम रिटार्डंट) म्हणतात, आणि बांधकामाच्या इन्सुलेशनच्या शीटमध्ये तो सहसा असतो. तापल्यावर हा ब्रोमीन पॉलिस्टायरीनच्या लांब साखळ्या लवकर तोडतो. साखळी आखूड झाली की द्रव पातळ होतो, काकवीत पाणी घातल्यासारखा, आणि लेपात पटकन मुरतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या ओतकामात असा थर्माकोल, म्हणजे फोम, वापरला तर घड्या कमी पडतात. आगीसाठी घातलेला पदार्थ आपल्याला वेगळ्याच कामाला येतो.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. साखळ्या लवकर तुटल्या म्हणजे गॅसही लवकर सुटणार. लेप जाड किंवा बंद असेल, तर घडीऐवजी तुम्हाला फुगे मिळतील. धातूतल्या हायड्रोजनमुळे पडणाऱ्या बारीक छिद्रांवर मात्र या पदार्थाचा काहीच इलाज नाही. नवखे इथे फसतात: छिद्रं हायड्रोजनची असतात आणि ते फोम बदलत बसतात.

पहिली पायरी: हातातला थर्माकोल ओळखा

माशांच्या पेटीचा मोह सोडा. दाणे मोठे, त्यांच्या फटींत मिठाचं पाणी आणि माशाचं तेल. मीठ ८०१ अंशांना वितळतं. आपला धातू ७५० वर, म्हणजे ते मीठ वितळतसुद्धा नाही. कणाकणाने कास्टिंगमध्ये बसतं आणि पहिल्या पावसात विरघळून तिथे खड्डा सोडतं. मग खाऱ्या हवेत त्या खड्ड्यातून गंज सुरू. पेटी गोड्या पाण्याने धुऊन भागत नाही. फटीतलं पाणी कधी सुकलं हे कळतच नाही.

मखराचा थर्माकोल कोरा असेल तर सरावाला चालतो. रंग, चमकी, चिकटवलेला कागद असेल तर नको. रंगातली खनिजं धातूत तशीच राहतात. माझ्या चौकटीवरचे व्रण बहुधा सोनेरी रंगाचेच होते.

करड्या रंगाची शीट मिळाली तर बाजूला ठेवा. त्यात ग्रॅफाइट असतं. घराच्या इन्सुलेशनला ती उत्तम, पण ग्रॅफाइट ७५० अंशांना ना वितळत ना त्याची वाफ होत. पॉलिस्टायरीन निघून गेल्यावर ती काळी भुकटी कुठे जाईल, याचा नवख्याने आधी विचार करावा.

शीट एफआर आहे की साधी, हे दुकानदाराला विचारा, आणि त्याच्या उत्तरावर विसंबू नका. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, बोटाएवढी पट्टी पक्कडीत धरून मेणबत्तीवर न्या आणि लगेच बाजूला काढा. साधा थर्माकोल जळत राहतो, काळा धूर सोडतो, पेटते थेंब गाळतो. एफआर ज्योतीपासून आकसून मागे सरतो आणि ज्योत काढली की विझतो. खात्री हवी असेल तर तांब्याच्या तारेची जुनी परीक्षा करा. तार निळ्या ज्योतीत तापवायची, ज्योतीला रंग येईनासा झाला की गरम तार थर्माकोलला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत आली तर ब्रोमीन किंवा क्लोरीन आहे. तुकडा शीटच्या आतून कापलेला, कोरा घ्या. मीठ लागलेला असेल तर पिवळ्या ज्योतीत हिरवी लपते. हे दोन्ही प्रयोग कणभर तुकड्यावर, एकदाच करायचे. तो धूर नाकात घेण्यासारखा नाही.

एक कायद्याची गोष्ट. या कामासाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा ब्रोमीनचा पदार्थ, हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन, २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत गेला आणि भारतानेही २०१८ च्या नियमांनी त्याच्यावर बंदी घातली, कारण तो निसर्गात टिकून राहतो आणि प्राण्यांच्या शरीरात साठतो. त्याच्या जागी आता ब्रोमीन जोडलेला पॉलिमर वापरतात. म्हणून जुन्या इमारतीतून निघालेली शीट घेऊ नका. आणि कुठल्या भुकटीत किंवा द्रावणात साधा थर्माकोल बुडवून ‘घरगुती एफआर’ करायचा विचारही नको; तो पदार्थ दाण्यात मुरलेला असावा लागतो, वरून फासलेला केवळ घाण असतो.

दुसरी पायरी: वजन करा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात स्वस्त आहे. १० सेंटिमीटरचा घन कापा, म्हणजे १ लिटर. सोनाराच्या पद्धतीच्या छोट्या काट्यावर ठेवा. १६ ते २४ ग्रॅम भरला तर कामाचा. ३० भरला तर धातूला दीडपट पॉलिस्टायरीन हटवायचंय, आणि मग एफआर असून उपयोग नाही. घडीच्या बाबतीत घनतेचा परिणाम पदार्थाच्या परिणामाला सहज झाकून टाकतो.

दाण्याचा आकारही बघा. कास्टिंगच्या सगळ्यात पातळ भिंतीत निदान ३ दाणे शेजारी शेजारी बसायला हवेत. पॅकिंगच्या थर्माकोलचा दाणा ४-५ मिलिमीटरचा असेल तर त्यातून ६ मिलिमीटरची भिंत काढायला जाऊ नका.

शीट अगदी ताजी असेल तर काही दिवस हवेशीर जागी उभी ठेवा. दाणे फुगवायला पेंटेन वायू वापरतात आणि तो सावकाश बाहेर पडतो. तो ज्वालाग्राही असतो, म्हणून भट्टीच्या खोलीत नको.

तिसरी पायरी: कापणं आणि चिकटवणं

गरम तारेने कापा. करवतीने दाणे उपटले जातात आणि तो खडबडीतपणा कास्टिंगवर जसाच्या तसा उतरतो.

गोंद हाही एक मिसळलेला पदार्थच आहे, हे कुणी सांगत नाही. १ ग्रॅम गोंद म्हणजे पॉलिस्टायरीनच्या हिशेबात ५० घन सेंटिमीटर थर्माकोल, तोही एका ठिपक्यात. रबरी सोल्यूशन थर्माकोललाच खातं. फेव्हिकॉल चालतं, पण आतला थर पावसाळ्यात आठवडाभर ओला राहतो. ग्लू गनची कांडी, कमी तापमानाची, टोकाटोकाने लावलेली, हे त्यातल्या त्यात बरं. आणि सांधा अशा ठिकाणी घ्या जिथे दोन बाजूंचा धातू एकमेकांना भेटणार नाही.

चौथी पायरी: लेप, आणि कोकणातला पावसाळा

लेपाचं काम दुहेरी: वाळू बाहेर थोपवायची आणि पातळ झालेला थर्माकोल शोषून घ्यायचा. पाण्यात कालवायचा लॉस्ट फोमचा (थर्माकोलवर धातू ओतायच्या या पद्धतीचा) तयार लेप कोल्हापूरकडच्या फाउंड्री सामानाच्या दुकानांत मागा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे तिकडे हा बाजार मोठा आहे. आंबा घाट उतरून आलेल्या बादलीवर ‘स्पिरिट’ लिहिलेलं नाही ना, एवढं बघून घ्या. स्पिरिटचा लेप लावून पेटवून सुकवतात. पॅटर्नही, म्हणजे आपला थर्माकोलचा आकारही, त्याबरोबर जाईल.

थर अर्ध्या मिलिमीटरच्या आत, सगळीकडे सारखा. बुडवा, निथळू द्या, टांगा. जाड लेप म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत चुकीची. जाड लेपातून गॅस जात नाही.

आता सुकवणं. १ ग्रॅम पाण्याची ७५० अंशांना साडेचार लिटरहून जास्त वाफ होते. शिवाय वितळलेलं ॲल्युमिनियम त्या वाफेतून हायड्रोजन ओढून घेतं. ॲल्युमिनियम गोठताना त्याची हायड्रोजन सामावण्याची ताकद सुमारे वीस पटीने घटते आणि बाहेर पडलेला वायू छिद्रं होऊन आत राहतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत पापडसुद्धा वाळत नाहीत, तिथे लेप ‘हाताला कोरडा लागतो’ याला काही अर्थ नाही. लाकडी खोक्यात ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा आणि लहान पंखा ठेवा, आत ४५-५० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि रोज पॅटर्नचं वजन लिहा. सलग दोन दिवस आकडा हलला नाही की सुकला. घाई असेल तर नारळी पौर्णिमा उलटू द्या; होड्या पाण्यात उतरल्या की आपलंही काम मार्गी लागतं.

पाचवी पायरी: वाळू

किनाऱ्यावरची वाळू नको. एक तर किनारा नियमन क्षेत्रातून वाळू काढायला मनाई आहे. दुसरं, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर तर इल्मेनाइटची काळी वाळू मिसळलेली असते. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघते, फाउंड्रीला चालणारी. धुतलेली, सुकवलेली, रव्याएवढ्या दाण्याची मागा. वाळू बांधणारा कुठलाही बाइंडर नको. डब्यात पॅटर्न ठेवून वाळू हळूहळू सोडत डबा बाहेरून हलवत राहा, म्हणजे कानाकोपऱ्यात बसते. नाकावर चांगला मास्क हवा. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

सहावी पायरी: धातू आणि ओतणं

मोडीत आलेली ॲल्युमिनियमची पातेली वितळवू नका. त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतो, धातू नीट पळत नाही आणि घड्या पडतात. दोष मग थर्माकोलवर जातो. एलएम ६ किंवा एलएम २५ या ओतकामाच्या मिश्रधातूंच्या लाद्या घ्या. एलएम ६ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतो आणि ती खाऱ्या हवेत चांगली टिकते. लाद्या, सांडशी, मळी काढायचा झारा, सगळं मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) जाण्याआधी भट्टीच्या कडेला तापवून कोरडं करा.

खाली जांभ्याची फरशी असेल तर तिच्यावर कोरड्या वाळूचा चार बोटं थर पसरा. जांभा पाणी धरून ठेवतो. वरून कोरडा दिसणाऱ्या चिऱ्यावर वितळलेला धातू सांडला तर आतल्या पाण्याची वाफ दगडाचे तुकडे उडवते. चामड्याचे बूट, तोंडावर ढाल, सुती कपडे. नायलॉनची लुंगी नेसून ओतणारे मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

काम उघड्यावरच. पॉलिस्टायरीनच्या धुरात स्टायरीन आणि बेंझीन असतं, एफआर असेल तर हायड्रोजन ब्रोमाइडसुद्धा, आणि ते डोळे आणि घसा जाळतं. सेंद्रिय वाफ आणि आम्लवायू दोन्ही अडवणारं कार्ट्रिज असलेला मास्क लावा. साधा कापडी मास्क इथे शोभेला.

मळी बाजूला सारा, ७४० ते ७६० अंशांना ओता. एकदा सुरू केलं की थांबायचं नाही, वरचा पेला (धातू ओतायचं तोंड) भरलेलाच ठेवायचा. मध्ये धार तुटली तर थर्माकोल आकसून झालेल्या पोकळीत वाळू ढासळते. तापमान मोजायला थर्मोकपल घ्या. रंगावरून ॲल्युमिनियमचं तापमान ओळखता येत नाही, दिवसाउजेडी तर नाहीच.

सातवी पायरी: फोमची परीक्षा

कप्पीची चौकट वगैरे नंतर. आधी चार सपाट प्लेटी ओता: १५ बाय १० सेंटिमीटर, जाडी १ सेंटिमीटर. एका प्लेटीचा थर्माकोल ३ ग्रॅमच्या आसपास, धातू ४०० ग्रॅम. दोन प्लेटी साध्या, दोन एफआर, घनता शक्य तितकी सारखी. धातू दोन्ही टोकांनी आत येईल अशी वाट करा. म्हणजे दोन तोंडं मधोमध भेटतील आणि घडी पडायची असेल तर तिथेच पडेल. आपण मुद्दाम दोषाला आमंत्रण देतोय.

एकाच मुशीतून ओता, आणि क्रम असा: साधी, एफआर, एफआर, साधी. मूस दर मिनिटाला थंड होत असते. आधी दोन्ही साध्या आणि मग दोन्ही एफआर ओतल्या, तर तुम्ही फोम तपासला की तापमान, हे कळणार नाही. माझ्या पहिल्या वहीतली तीन पानं याच चुकीमुळे फुकट गेली.

गार झाल्यावर मधली पट्टी घासा, डिझेल चोळा, पुसून कोरडी करा आणि वरून खडूची भुकटी पसरा. रॉकेल चांगलं, पण ते हल्ली मिळतं कुठे? घडी असेल तर थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटते. मग प्लेट शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून त्याच रेघेवर तोडा आणि आत बघा.

तुटलेल्या तोंडावर काळसर चकचकीत पापुद्रा असेल तर ती थर्माकोलची घडी. एफआरमध्ये तो कमी दिसायला हवा. दोन्हींत सारखाच असेल तर आधी लेप आणि ओतण्याचं तापमान तपासा, फोमला दोष देऊ नका. वरच्या पृष्ठभागाखाली काळ्या भिंतीचे मोठे फुगे दिसले तर फोमचा गॅस अडकलाय. लेप पातळ करा किंवा जास्त पारगम्य, म्हणजे गॅस जाऊ देणारा, घ्या. एफआर वापरल्यावरच हे दिसायला लागलं तर नक्कीच. आतल्या बाजूने चकचकीत, टाचणीच्या टोकाएवढी, सगळीकडे विखुरलेली छिद्रं हायड्रोजनची. त्याला कोरडं सामान, कमी वेळ तापवणं आणि आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडून धातू स्वच्छ करणं हाच उपाय. जाड भागात दातेरी, वेडीवाकडी पोकळी असेल तर धातू गोठताना आकसलाय. तिथे पुरवठ्याचा रायझर, म्हणजे आकसताना धातू पुरवणारा जास्तीचा साठा, हवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वहीत फोमची घनता, ग्रेड, लेपाचं वजन, तापमान आणि हवा लिहा. हवा म्हणजे ‘पाऊस’ किंवा ‘कोरडं’ एवढं लिहिलंत तरी पुष्कळ.

साधा फोम आणि नीट सुकवलेला पातळ लेप यांनी १२ मिलिमीटरच्या वरचे साधे भाग मला बहुतेक वेळा बरे मिळाले. एफआरची शीट मी राखून ठेवतो ती पातळ भिंती, लांब वाटा आणि जिथे दोन प्रवाह भेटण्यावाचून गत्यंतर नाही अशा आकारांसाठी. आणि ज्यावर माणसाचा किंवा जाळ्याचा भार लोंबणार, असा भाग घरच्या ओतकामातून करून नाखव्याच्या हातात देत नाही. तो मागतो, तरी नाही.

राहिली वाळू. ओतल्यानंतर तिला थर्माकोलचा उग्र वास येतो, कारण लेपातून मुरलेला थोडा द्रव तिच्यात आलेला असतो. चाळून, उन्हात पत्र्यावर पसरून दोन दिवस हलवत राहा. प्रत्येक खेपेला थोडी काढून तेवढी नवी घाला, नाहीतर वाळूच चिकट होते आणि पुढच्या वेळी गॅसला वाट देत नाही. पत्रा संध्याकाळी झाकायला विसरू नका. आमच्याकडे ऑक्टोबरातसुद्धा दुपारनंतर भरून येतं.